उसना टाय

बक्स्टनच्या बागेत, बँडस्टँडसमोरच्या बाकावर
अकरा ते बारा आमचं न्यायालय भरतं.
मिसेस ऑल्डस आणि मी.
त्यांच्या मांडीवर हातमोजे, माझ्या मांडीवर हॅट,
मध्ये थर्मास, साक्षीदार.

आज पहिली आरोपी पायजम्यातली मुलगी,
पायात सशाच्या कानांच्या सपाता,
को-ऑपमधून दूध घेऊन निघालेली, भर दिवसा.
मिसेस ऑल्डस डोळे मिटून घेतात.
मी म्हणतो, काही ताळतंत्र उरलं नाही.
म्हणतो इंग्रजीत,
नाक मात्र मराठीतच मुरडतो,
आमच्या सुलूआत्यासारखं, डावीकडे.

मग एक बाप्या, अर्ध्या चड्डीत, पोटरीवर ड्रॅगन,
सॉसेज रोल खात फोनशी भांडणारा.
मग एक पोरगा, ज्यानं कुणासाठी दार धरलं नाही.
(बागेला दार नाही. पण असतं तरी धरलं नसतं.)

"पूर्वी," मिसेस ऑल्डस सुरू करतात,
मी मान डोलावतो.
"पूर्वी त्या वरच्या हॉटेलात
टायशिवाय कुणाला चहा मिळत नसे."

नसे. खरंय.
एकोणसत्तरचा नोव्हेंबर,
चुनखडीच्या खाणीच्या ऑफिसातला पहिला पगार,
अंगात नवाकोरा स्वेटर, जांभळा.
दारवान काही बोलला नाही.
त्यानं खण उघडला.
आत तीन टाय, माझ्यासारख्यांसाठी ठेवलेले.
त्यातला तपकिरी त्यानं माझ्या गळ्यात मारला,
अक्षरशः,
हनुवटी वर करायला लावून,
शाळेत निघालेल्या पोराची करतात तशी.
गाठीखाली कुणाचं तरी सूप वाळलेलं.
किती माना यातून जाऊन आल्या असतील,
मोजत बसलो. चहा निवला.
निघताना सोडून परत दिला.
तो म्हणाला, थँक्यू, सर.
त्या 'सर'पायी शनिवारी
एकदम चार टाय घेतले, हप्त्यानं.

मिसेस ऑल्डसना हे ठाऊक नाही.
त्यांना वाटतं, टिपणीस जन्मले तेच टायसकट.

ती मुलगी परत येते. सशाचे कान चिखलानं जड.
न विचारता आमच्याच बाकाच्या टोकाशी बसते,
बाटलीला तोंड लावून दूध पिते,
ओठावर पांढरी रेघ.
मिसेस ऑल्डस हातमोजे चढवू लागतात,
एकेक बोट, निकालपत्रासारखं.

"भारी टाय आहे," मुलगी मला म्हणते.

माझा हात आपोआप गाठीकडे जातो,
सूप लागलंय का, चाचपायला.