सातवा खंड

ओरुरोत सातुर्निनाच्या बापानं ज्ञानकोश घेतला,
हप्त्यानं. निळी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं,
खंड अकरा.
हवे होते बारा.
विक्रेता म्हणाला, सातवा पुढच्या गाडीनं येतोच आहे.
पुढच्या गाडीनं कांदे आले,
त्याच्या पुढच्या गाडीनं विक्रेत्याचा भाऊ,
थकलेला हप्ता मागायला.

सातवा म्हणजे 'एमे'.
त्यांच्या भाषेत या एका अक्षराखाली राहतात
आई, भीती, सफरचंद,
उद्या आणि सकाळ (दोघांना मिळून एकच शब्द),
खाण, मरण,
आणि समुद्र.

आई चुलीपाशी होती, तिच्यासाठी पुस्तक कशाला.
सफरचंद मंडईत मिळे, सुरकुतलेलं, पण मिळे.
भीती वाऱ्याबरोबर रात्री पत्र्यावर यायची.
समुद्र तेवढा कुठेच नव्हता.
पावणेचार हजार मीटर उंचीवर,
जिथं बटाटासुद्धा उकडायला दुपार घेतो,
तिथं कोण आणून देणार?

मग तिनं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केला,
परागंदा झालेल्या माणसाची चौकशी करावी तसा.
'लाट', खंड आठ : पाहा समुद्र.
'मीठ', खंड दहा : पाहा समुद्र.
'देवमासा', खंड एक : वस्ती, तिथंच.
'नांगर', खंड एक : जहाज थांबवणारा
(आपल्याकडे तो शेतातही चालतो, त्यांच्याकडे नाही).
सगळ्यांना ठाऊक, कुणी सांगेना.

मार्चच्या तेवीस तारखेला सगळ्या शाळेला खलाशाचे कपडे.
बँड वाजायचा. ओठ थंडीनं फुटलेले.
जुन्या युद्धात गेलेला किनारा
भाषणात दरवर्षी परत मागितला जायचा.
तिसरीतल्या निबंधात तिनं लिहिलं,
'समुद्र म्हणजे जिकडे सगळे बोट दाखवतात ते.'
मास्तर एवाडिस्टो यांनी दहापैकी चार दिले,
आणि वही मात्र दोन दिवस घरी नेऊन ठेवली.

बापाचा खोकला आधी रात्रीचा होता, मग दिवसाचाही झाला.
दवाखान्याच्या चिठ्ठीवर एकच शब्द, 'सिलिकोसिस'.
तिनं दहावा खंड काढला, बोट फिरवलं.
नऊ ओळी. शेवटची :
पाहा खाण.
तिनं फळीकडे पाहिलं. सहा आणि आठच्या मध्ये
एका खंडाएवढी फट,
आणि फटीत बापाचा कार्बाइडचा दिवा.
कामावरून आला की तो तिथंच ठेवायचा.
जागा रिकामी दिसू नये म्हणून,
असं म्हणायचा.

सेहेचाळिसाव्या वर्षी एल आल्टोच्या गुरुवारच्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि एकेरी बुटांच्या ढिगात
तिला सातवा सापडला.
दुसऱ्याच आवृत्तीचा. लाल, बोटभर बुटका.
घासाघीस करून आठ बोलिव्हियानोंना घेतला.
बस सुटायच्या आत उघडला.

'समुद्र'. शब्द होता. त्याखाली चौकोनी भोक.
कात्रीनं कापलेलं, एका बाजूला वाकडं,
लहान हाताचं काम.
कुठल्या तरी मार्चमध्ये, कुठल्या तरी शाळेत,
पुठ्ठ्यावर चिकटवला गेला असणार,
कणकेच्या खळीनं.
भोकातून पुढच्या पानावरचं 'मॅरेथॉन' दिसत होतं :
एका माणसाचे फक्त पाय,
जोरात पळणारे.

ती हसली. इतकी, की शेजारच्या बाईनं
काही न विचारता तिला आपल्या पिशवीतला पाव दिला.

घरी फटीत तो नीट बसेना.
आडवा ठेवला. त्यावर दिवा.
पाहुण्यांना ती भोक दाखवते, पाय दाखवते,
मुलं आरपार डोळा लावून बघतात.
'खाण' तिनं अजून वाचलेली नाही.
ते पान धड आहे.