1911 पासून

उद्यमनगरात, दोन लेथच्या मधे आमचं प्रेस.
खराडे साहेब आले ते कोरी बाटली घेऊन,
बघायच्या कार्यक्रमात बसवतात तशी
टेबलाच्या मधोमध ठेवली.
"लेबल असं कर," म्हणाले,
"की पुण्याचा माणूस किंमत बघायची विसरला पाहिजे."

पहिला प्रश्न सालाचा.
कारखाना गेल्या दिवाळीनंतरचा, कागलच्या एमआयडीसीत,
गेटच्या पत्र्यावरचा निळा प्लास्टिक कागद अजून निघायचाय.
'पासून'च्या आधी किती टाकू, विचारलं.
"बसेल ते टाक."
गोलाईत जागा कमी होती.
इंग्रजी एक म्हणजे नुसती काडी,
तीन काड्या आणि एक नऊ,
अशी कंपनी एकशे काही वर्षांची झाली,
चहा यायच्या आत.

'हस्तनिर्मित' त्यांनीच सुचवलं.
मी बघून आलोय तिथं. पट्टा चालतो, बाटल्या चालतात,
हात लागतो तो शेवटी, खोकं उचलायला.
तो सुबरावचा, कसबा सांगावच्या,
रोजंदारीवर.

पाणी पर्वतातल्या झऱ्याचं, असं ठरलं.
टँकरवाला माझ्या ओळखीचा आहे, पण असो.
पर्वत म्हणून मी जोतिबाचा डोंगर घेतला,
वरची शिखरं पुसली
आणि थोडं बर्फ टाकलं.

मर्यादित साठा: पन्नास हजार नग,
संपले की पुन्हा पन्नास हजार.
धोक्याची ओळ कायद्याला पुरेल एवढीच,
सोनेरीवर पिवळ्यात.
आणि मधोमध, जाड ठशात, 'लाईट'.
टक्के आठच. "रंग फिका हाय की रे," साहेब म्हणाले.

मला काही वाटलं नाही, खरं सांगतो.
आग्र्याच्या चपलेवर 'अस्सल कोल्हापुरी' मीच छापलंय,
गुळाच्या ढेपेवर 'सेंद्रिय'.
मी फक्त बघतो, शब्द कागदाबाहेर जात नाही ना.

शनिवारी वैनी आली.
सिमेंटच्या पोत्यात बाटल्या, भंगारवाल्याकडं निघालेली.
एक काढून टेबलावर ठेवली, तिथंच, मधोमध.
"भावजी, हे लाईट म्हंजे काय ओ?"
"रंग, वैनी."
"मला वाटलं, कमी."
मग पोत्याचं तोंड आवळत म्हणाली,
"ह्यांनी बी तसंच सांगितलंय.
लाईट हाय, म्हणून सहा."

गेली नाही. अंगठ्यानं बर्फ खरवडत उभी राहिली.
"आणि ते निर्व्यसनी?
ते बी तुम्हीच टाकलं हुतं न्हवं?"

ह्याच कॉम्प्युटरवर. ठसाही बहुतेक हाच.
वर गणपती, मग रास, उंची,
शेती तीन एकर, जी दीड होती.
दादा काही बोलला नव्हता.
आईही नाही.
खालच्या चौकटीत एक ओळ रिकामी राहत होती,
दिसायला बरं दिसत नव्हतं.
गडहिंग्लजला तिच्या वडलांनी तो कागद
चष्मा लावून दोनदा वाचला म्हणे,
त्या ओळीशी बोट थांबवून.

मशीन चालू होतं.
मी शाई बघायला उठलो,
शाई भरपूर होती.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडं गेलो, तर दादा झोपलेला.
हात धुवायला मोरीत गेलो.
कट्ट्यावर तीच बाटली, कागद घासून काढलेला,
गोंदाचे पांढरे चट्टे,
आणि त्यावर डॉक्टरी चिकटपट्टी,
बॉलपेननं गिरवून गिरवून, बाटलीच्या निम्म्या उंचीचं अक्षर:

फिनेल
पिऊ नये

'ऊ' पट्टीत मावला नव्हता,
काचेवर गेला होता.
मी बूच काढून वास घेतला.
फिनेलच होतं.