खडूचे नऊ दिवस

नऊ दिवस झाडू नको, म्हणाले महापालिकेचे साहेब,
पगार कापणार नाही.
मोन्तेविदेओत जून म्हणजे ऐन हिवाळा,
समुद्राएवढ्या नदीवरून वारा येतो
तो थेट कोटाच्या बाहीत शिरतो.
मी म्हटलं, बरं. झाडू भिंतीला टेकवला.

इरुपे नावाची ती पोरगी
तिसऱ्या मजल्यावर दुर्बीण घेऊन बसायची,
आणि रात्री गुडघ्यांना चिंध्या बांधून
कोण कुठून कुठं गेलं ते चौकाच्या फरशीवर काढायची.
सकाळच्या रेघा पिवळ्या, दुपारच्या तांबड्या,
दिवे लागल्यानंतरच्या निळ्या.
दिवसा पायांनी पुसलं की रात्री पुन्हा.

बँकेत जाणाऱ्यांच्या पट्टीनं आखल्यासारख्या.
शाळेतल्या पोरांचा नुसता गुंता.
काखेत थर्मास, हातात येर्बाचा तुंबा घेतलेली माणसं
जरा डावीकडे कलून चालतात,
हे सांडलेल्या हिरव्या चोथ्यावरून मी कधीच ताडलेलं.
पण मला कोण विचारतं?

मिल्तोन म्हातारा तिसऱ्या दिवशी सावध झाला.
वरून कुणी बघतंय म्हटल्यावर
पोस्टाकडे जाताना इंग्रजी आठाचा आकडा काढत चालला,
मग थांबून, वर बघून, टोपी उचलली.
त्याची रेघ सगळ्यात देखणी
आणि सगळ्यात खोटी.

सहाव्या दिवशी मी माझी रेघ शोधली.
नव्हती.
मी येते चार वाजता, तेव्हा तिची खिडकी काळोखी.
राग आला, थोडासाच.
नंतर बरंही वाटलं,
चला, एक बाई तरी नोंदीतून सुटली.

औषधाच्या दुकानासमोर मात्र सगळे रंग
येऊन अडखळलेले, गाठच पडलेली.
तिथं काही नाही. चार बोल्टांची भोकं.
दोन वर्षांमागं बाक उपटून नेला,
माणसं त्यावर झोपतात म्हणून.
इरुपेनं वहीत लिहिलं होतं, ‘इथं ऊन चांगलं येत असावं.’
मी सांगितलं नाही.
मग सांगितलं.
तिनं ओळ खोडली, आणि बराच वेळ
निळा खडू नुसता बोटांत फिरवत राहिली.

दहाव्या दिवशी हुकूम: धुऊन काढ.
पिवळा, तांबडा, निळा
गटाराच्या तोंडाशी पोचेतो मळकट जांभळा.
बँकवाले गेले, पोरं गेली,
मिल्तोनच्या आठाला जरा जोर लावावा लागला.
गाठ राहिली.
साहेबांना म्हटलं, पाइप तिथवर पुरत नाही.
साहेबांनी पाइपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
सही केली.

आज पहाटे तिथं एक स्वयंपाकघरातली खुर्ची.
पायांना जुन्या मोज्यांची टोकं शिवलेली,
घरातली फरशी चरू नये म्हणून.
एक पाय भोकात गेलेला, त्यामुळे कललेली,
डावीकडे.
मी तिच्याभोवतीनं झाडलं.
मग आजूबाजूला पाहिलं,
आणि कोटाची बटणं लावून
बसले.