सात नंबरचा नमुना

तुटेपर्यंत ताणू नये, म्हणतात.
माझी तर नोकरीच ती.
लेगाझ्पीच्या या प्रयोगशाळेत सकाळी आठपासून
मी पट्ट्या ताणते.
मिनिटाला दोन मिलिमीटर,
इतक्या सावकाश, की जबड्यात धरलेल्या पट्टीला
कळतही नसेल आपलं काय चाललंय.
पडद्यावरची रेघ तेवढी चढत राहते,
चढत राहते,
आणि मग टच्‌.
लिही, लिओनिला : एकोणसत्तर मेगापास्कल.

पट्टीत काय, तर अबाका आणि राळ.
अबाका ही केळीची चुलतबहीण,
हिची फळं मात्र कुणी खात नाही.
जे काही आहे ते सोपटात.
कातांदुआनेसच्या उतारावर वडील
ती सोपटं सुरीखालून ओढून काढायचे,
पाय रोवून, सगळ्या अंगानं.
रात्री त्यांना चमचा धरवत नसे.
तोही ताणच होता,
फक्त शेजारी रेघ काढणारं यंत्र नव्हतं.

राळेचं एक मला आवडतं.
स्वतः ती फार सोसत नाही,
या तंतूचं ओझं त्या तंतूकडे पोचवते
आणि सगळे मिळून वाहतात, तोवर वाहतात.
पण तिनं तंतूला धरायला हवं.
अबाकाच्या अंगावर जन्माचं मेण;
त्यावरून राळ निसटते.
मग पट्टी तुटते तेव्हा तंतू तुटतच नाहीत,
सबंधच्या सबंध उपसून येतात,
मागे भोकं,
वादळानंतरच्या परड्यासारखी.
म्हणून आधी सोड्याच्या पाण्यात बुडवायचं,
मेण घालवायचं, अंग खरबरीत करायचं.
जास्त वेळ ठेवलं तर तंतूच खंगतो.
किती वेळ म्हणजे जास्त,
यावर बेल्मोंते सरांची तीन वर्षं गेली आहेत.

काचतंतूचं बरं असतं.
भट्टीतून येतो, कालच्यासारखाच आज.
या झाडाचा प्रत्येक धागा
आपापलं वर्ष घेऊन येतो :
कुठला उतार, किती पाऊस,
बाहेरचं सोपट की गाभ्याजवळचं.
आणि इथवर येऊनही हवेतलं पाणी पितो, फुगतो.
सरासरी काढावी तर आकडे
शाळा सुटल्यासारखे पांगलेले.

मंगळवारी सातवी पट्टी
एकेचाळीसलाच गेली.
सर म्हणाले, वगळ.
कारण सापडलं तर लिही, नाही तर तसंच वगळ.
मी तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं.
बुडबुडा नव्हता. चीर नव्हती.
राळेत बुडालेली, पिवळसर काचेतल्या माशीसारखी,
एक गाठ.

ही गाठ मला ठाऊक आहे.
व्हिराकच्या पलीकडे आमच्या गावी
बाया ओट्यावर बसून धाग्याला धागा जोडतात,
वजनावर पैसे, आणि धाग्याचं वजन ते काय!
अंगठा आत, फेरा, ओढ, उरलेलं टोक कापून टाक.
मी नऊ वर्षांची असताना करायचे; माझी सुटायची.
प्रयोगशाळेला बिनगाठीचा माल लागतो.
कुणाच्या तरी मांडीवरची लडी
चुकून आमच्या गठ्ठ्यात आली होती.

अहवालात लिहिलं :
नमुना सात. कारण, गाठ. ताण एका जागी साचला.
सरांनी सही केली.
मोटारीच्या दाराच्या अस्तरासाठी
कंपनीला सत्तरच्या आसपासचा आकडा गेला,
सातशिवायचा.

रात्री तिया पुराला फोन केला.
सगळं सांगितलं, मेगापास्कलसुद्धा.
तिनं ऐकून घेतलं.
मागे कोंबडी हाकलल्याचा आवाज.
"गाठ सुटली होती का?"
नाही, म्हटलं. गाठ होती तशीच होती.
तिच्या कडेला तुटलं, धागा आत शिरतो तिथं.
"मग?" म्हणाली,
"मग बांधणारीचं काय चुकलं?"