बावन्नाव्या मिनिटाला

मिरजेत पहाटेचे साडेतीन.
तळघरात एसीची घरघर,
आणि अरुंद टेबलावर उताणे भूपाल मगदूम, वय एकाहत्तर,
दोन्ही हात डोक्यामागे,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.

तीन दिवस झाले, लाल जातंय.
दुर्बीण घातली: आत रक्तच रक्त, भिंत दिसेना.
सीटी केला, धमन्यांत रंग सोडला:
नेमकं त्या वेळी सगळं कोरडं.
"लबाड हाय," ते म्हणाले. "बघाया गेलं की थांबतंय."

हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं.
चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर.
रात्री दोनला, गाव निजल्यावर,
लोखंडी गजाचं एक टोक रस्त्याला,
दुसरं कानाला,
आणि ब्राह्मणपुरीपासून किल्ल्यापर्यंत
डांबराखालचा नळ ऐकत जायचं.
"फुटका नळ बोंबलतोय, त्यो सोपा.
बारका पाझर असतोय न्हवं, त्यो कुजबुजतोय.
त्याला रातच लागती."

कोपराच्या खळीतून मी थोडं रक्त घेतलं,
शिशाच्या डब्यातलं औषध त्यात मिसळलं
(सहा तासांत अर्धं विझतं ते)
आणि ज्याचं त्याला परत दिलं.
सांगितलं, आता हे जिथं बाहेर पडेल
तिथं आमच्या कॅमेऱ्याला दिसेल.
ते हसले. "आम्ही टाकीत रंग सोडायचो, तसंच की.
एकदा मालगाव वेशीजवळ हिरीचं पाणी गुलाबी झालं.
बाया म्हणाल्या, देवीचा कोप.
साहेब म्हणाला, गप बसा, गळती घावली."

मिनिटाला एक चित्र.
चित्र म्हणजे काय,
काळ्या पाटीवर कुणी मूठभर रवा उधळावा.
हे काळीज. हे यकृत, ही प्लीहा.
ही मोठी धमनी, खाली येऊन
बेचकीसारखी दुभंगलेली.
दहा. वीस. पस्तीस.
चव्वेचाळीसला शिंक आली, एक चित्र फुकट गेलं.

बाहेर बाकड्यावर पद्माक्का.
सूर्य उगवेपर्यंत तिला पाणीही चालत नाही,
त्याला तर तोंडाने काहीच द्यायचं नाही,
तरी मांडीवर डबा आहे.
भाकरी असावी. विचारलं नाही.

चौथी पिशवी ठिबकत होती.
असली पोटं मला ठाऊक आहेत,
कॅमेऱ्यासमोर शहाण्यासारखी वागणारी.
तासभर बघायचं, "काही आढळले नाही" लिहायचं,
आणि माणूस लिफ्टमध्येच भळभळतो.

बावन्न.
उजवीकडे, खाली, कमरेच्या हाडाच्या वर
रव्याचे चार दाणे जास्त.
असेल काहीतरी. लघवीची नळीही अशीच फसवते.
त्रेपन्न, तिथंच.
चोपन्न, जरा दाट.
मी डोळे चोळले. चष्मा पुसला.
साठ:
ठिपका वर सरकला होता,
आतड्याच्या वळणाने, यकृताच्या दिशेला,
वाट माहीत असल्यासारखा.
सांडलेलं रक्त चालतं.
न चालणाऱ्या ठिपक्याला मी फोन करत नाही.

डॉक्टर तेलसंगांचा आवाज झोपेतला, मग एकदम जागा.
"उजवं मोठं आतडं?"
"सुरुवातीलाच, सर. बावन्नाव्या मिनिटाला."
"टीम बोलावतो. मांडीतून जाऊ, तिथली धमनी बुजवू."

आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं.
नियम आहे. मी म्हणाले, "हलू नका, थोडंच राहिलंय."

"घावली काय?"

मी गप्प.

"तुझी खुर्ची वाजली, पोरी."
डोळे मिटलेलेच. ओठ पांढरे.
"आता खड्डा कुठं काढायचा त्ये नीट दाव त्यांस्नी.
आम्ही लई वेळा
दोन फूट चुकलोय."

मी परत पहिल्या चित्रापासून बघायला घेतलं.