भोक नसताना

बेनोड्याच्या संत्रा शेडमध्ये
मी सत्तावीस पिशव्या टांगल्या आहेत.
प्रत्येकीत आंबिया बहाराची पाच फळं,
तोंडं गरम पट्टीनं बंद.
सुईच्या टोकाएवढंही भोक नाही कुठे,
तरी रात्री दार लोटलं की
वास अंगावर येतो.

पंचफुलाबाई पिशवी कानाशी धरते,
मग नाकाशी.
"फुटली हाये का वो मॅडम?"

नाही. वायू इथं भोकातून जात नसतो.
आधी प्लास्टिकात विरघळतो,
मग लांबलचक रेणूंच्या गुंत्यात
एखादी फट हलली, उघडली, की एक पाऊल.
मिटली, की थांब.
आणि पलीकडे निघतो, होता तसाच,
फक्त उशिरा.

"म्हंजे पऱ्हाटीतून निघावं तसं,"
ती म्हणते, "वाट नसतेच.
फांदी सारली का पाय टाका,
मांगं ते पुन्हा मिटते."

प्रबंधात याला मी साडेतीन पानं दिली होती.

बारा पिशव्यांच्या प्लास्टिकात माती आहे,
डोळ्याला न दिसणारी, अभ्रकासारखी पापुद्र्यांची.
पापुद्रा आडवा आला की वायूनं वळावं,
धुऱ्याधुऱ्यानं फिरत घरी जावं, दमावं.
शंभरात तीन भाग मिसळली,
आलेख शहाण्यासारखा खाली आला.
सात मिसळली,
आणि वायू मोकाट सुटला,
मातीच नव्हती तेव्हापेक्षाही.

मी आकडे परत मांडले.
तेवढ्यात लाइट गेली, यंत्र मेलं,
पिशव्यांचं काम चालूच राहिलं.

अंधारात तिनं एकोणीस नंबरची कड
दोन बोटांत चोळली.
"गुठया रायल्या वो याच्यात.
पीठ भरभर टाकलं, मयलं नाही,
का गुठयीच्या बाजूनंच भाकर तडकते."

मी बोट फिरवलं. मला काहीच लागलं नाही.
तिच्या बोटांवर पंधरा हंगामांचं सालीचं तेल.
धुतल्यावर जातं का, विचारलं.

"कायचं जाते!
पोराले पाजत होती तवा
सासू म्हने, बाई,
तुह्या दुधालेबी संत्र्याचा वास येते."

मोर्शीकडे एक ट्रक गेला,
पत्रे थरथरले, थांबले.
लाइट काही आली नाही.
मग आम्ही एकोणीस नंबर खाली उतरवली,
दातानं फाडली,
आणि पोत्यावर बसून
पाचही संत्री खाल्ली.
चार गोड होती. एकीला जरा दारूचा वास.

सकाळी वहीत लिहिलं:
नमुना एकोणीस. गुठळ्या.
पुढचं मोजमाप शक्य नाही.