एक मात्रा जास्त

न्यायमंदिरात तेव्हा मी दुभाषी होतो.
मराठी साक्ष आली की उभं राहायचं,
घसा खाकरायचा,
आणि इकडचं तिकडं ठेवायचं, न सांडता.

दौलत शिर्के, वय बावन्न.
धंदा तराजू दुरुस्ती, मंगळबाजार.
जन्मात गुंजभर फरक केला नाही कुणाच्या पारड्यात.
त्या दिवशी लहरीपुरा दरवाजाशी वरात तयार होती,
नवरदेव पायरीवर बसून मोजडीशी झटत होता,
घोडीवर कुणी नव्हतं.
मग होतं. दौलत शिर्के.

सुरसागराच्या काठानं, रावपुऱ्यातून,
काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी
घोडी थबकली म्हणे, वर पाहिलं तिनं,
वरच्यानं काही दाद दिली नाही.
मग विश्वामित्रीचा पूल.
खाली मगरी ऊन खात पडलेल्या.
दिवेलागणीला त्यानं तिला परत आणून
त्याच खांबाला बांधली,
कपाळावरचं गोंड्याचं पट्टं सरळ केलं
आणि पोलीस येईपर्यंत तिथंच उभा राहिला.
नवरदेव तोवर स्कूटरवरून लग्नाला गेला होता.

न्यायाधीशांनी विचारलं, केम कर्युं?
दौलत म्हणाला, लहर आली, साहेब.
मी म्हणालो,
साहेब, लहेर आवी.

अख्खं कोर्ट हसलं.
गुजरातीत लहेर म्हणजे चैन,
उन्हाळ्याची सुट्टी, श्रीखंडाची तिसरी वाटी.
मी केलं काय? ह-वर एक मात्रा चढवली.
वैद्याची मात्रा चाटून आडवा माणूस उठून बसतो,
माझ्या मात्रेनं उभा माणूस आत बसला.
तीन महिने. साधी कैद.

त्या रात्रीपासून शोधतोय.

तलफ म्हणावी, तर तिला चंची लागते, चुना लागतो,
आणि ती वेळेवर येते, पगारासारखी.
खुमखुमीला समोर कुणी तरी हवा,
इथं समोर फक्त नवरदेवाची मोजडी.
तिडीक डोक्यात जाते, सणकही तिथंच,
याचं डोकं तर थंडगार, मगरी मोजत होता
(सात. जबानीत आहे.)
ऊर्मी चांगली आहे, पण रविवारच्या पुरवणीतली,
मंगळबाजारात तिला कुणी ओळखत नाही.
हुक्की? हुक्कीलाही कोर्ट हसलंच असतं,
जरा हळू हसलं असतं.
एका पहाटे डोहाळे आठवले.
बावन्न वर्षं पोटात काय होतं त्याच्या
कोण सांगणार.
बायको म्हणाली, झोपा आता,
तुम्हाला या शब्दांचा चळ लागलाय.
चळ! तोही तोलून पाहिला.

सुटल्यावर मीच गेलो त्याच्या दुकानी.
लाकडी दांडी हातात, काटा मधोमध आणत होता.
म्हटलं, शिर्के, नेमकं झालं काय होतं?
त्यानं फुंकर मारून पारडं पुसलं.
म्हणाला, तिनं मान वळवली हो माझ्याकडं.
पुढचं मला आलं. मी केलं असं नाही.

मला आलं.
आपल्याकडे सगळं येतंच की मला,
रडू येतं, शिंक येते, कंटाळा येतो,
आपण फक्त दार उघडं टाकून बसलेले.
आणि कायद्यात जागा फक्त
करणाऱ्याला.

काल दरवाजाखालून येताना
पाटीवर नजर गेली. लहेरीपुरा.
गुजरातीत, रंग ताजा,
ती मात्रा जिथल्या तिथं.
बँडवाले पिपाण्या पुसत होते,
खांबाला एक घोडी, पांढरी, जरा म्हातारी,
शेपटीनं माश्या वारत.

मी अठ्ठ्याहत्तरचा. गुडघे दोन्ही बदललेले.
चढायचं तर काही मनात नव्हतं.
पिशवीत भेंडी होती, कोथिंबीर होती,
घरून सांगितलेलं सगळं.
आणि खाली, कागदात, पावशेर गूळ,
जो कुणी सांगितला नव्हता.